आवाज न्हाई, काढ

मी एक हेडफोन आहे, असं सोनपेठमधले लोक म्हणतात. "कोणतं गाणं ऐकायलीस गं?" असं अपेक्षाला येता-जाता विचारतात. माझ्यात गाणंबिणं काही नाही. कापसाच्या जिनिंगमधल्या यंत्रांचा खडखडाट सोसावा म्हणून कामगार कानांवर जाड निळी झाकणं लावतात, ती म्हणजे मी. तिथं काम करणाऱ्या चंद्रभाननं मला लेकीसाठी घरी आणलं.

अपेक्षा बावीस वर्षांची, स्वमग्न. एसटीचा हॉर्न तिला अंगावर उकळतं पाणी पडल्यासारखा लागतो. मी कानांवर असलो की ती एकटीनं बाजार करून येते. मला तिचा फार अभिमान आहे, हे आधीच सांगून टाकतो. मला उतरवायचा नियम एकच. चंद्रभान म्हणणार, "आवाज न्हाई, काढ." मग ती मला त्याच्या हातात देणार. नऊ वर्षांत त्याचा हा शब्द एकदाही खोटा निघाला नाही.

यंदा गावात सिनेमावाले आले. गोष्ट स्वमग्न मुलीची, आणि नायिकाही तशीच हवी म्हणून त्यांनी अपेक्षाला घेतलं. घरी पेढे वाटले. तिनं स्वतःचेच काय, सगळ्यांचे संवाद पाठ केले.

काल मोकळ्या बाजारतळावर तालीम झाली. हलगीच्या आवाजानं मुलगी कोसळते, असा प्रसंग. हलगी नव्हतीच, म्हणून मी चंद्रभानच्या हातात होतो; तरी अपेक्षा अशी किंचाळली की माझ्या स्पंजला कापरं भरलं. मग उठून, कपडे झटकून तिनं विचारलं, "सर, सातव्या पावलावर पडले. बरोबर हाय का?"

दिग्दर्शकाचा चेहरा उतरला. त्यानं चंद्रभानला बाजूला घेतलं. "ही नाटक करतेय, काका. मला खरं हवंय. उद्या हलगीवाले ताडपत्रीमागं बसवू. तिला सांगायचं नाही."

"तिनं करून दाखिवलं की, साहेब. लय घाबरंल लेकरू."

"पाच मिनिटांचं काम. सगळा महाराष्ट्र रडेल."

चंद्रभाननं अपेक्षाला हाक मारली आणि घरची वाट धरली. त्यानं साहेबाला 'नको' म्हटलं नाही, हे मला तेव्हाच खटकलं होतं.

आता सकाळचे अकरा वाजलेत. कॅमेरा लागलाय. ताडपत्रीमागं पाचटाच्या जाळावर हलग्या शेकतायत. शेकल्या की कातडं ताणतं, आवाज कडक निघतो. धुराचा वास अपेक्षाला आलाच.

"बाबा, हलगी हाय का?"

चंद्रभाननं मान खाली घातली. "आवाज न्हाई," तो म्हणाला. "काढ."

तिनं पुन्हा विचारलं नाही. मला उतरवलं, त्याच्या हातात दिलं आणि पावलं मोजत जागेवर जाऊन उभी राहिली. त्यानं मला पाठीमागं धरलंय. मला तोंड असतं तर मी बोंब मारली असती. तिचे कान उघडे आहेत, आणि मी इथं आहे.

कधीतरी हा प्रसंग तुम्ही पडद्यावर बघाल. काय अस्सल अभिनय केलाय, असं म्हणाल. तेव्हा एवढं ऐका माझं, टाळ्या वाजवू नका. अभिनय तिनं काल केला होता.