आगीचा बंब

चंचलला सोमवारी शाळेच्या प्रदर्शनात बंब मांडायचा होता, म्हणून रविवारी दुपारी नवागामच्या खोलीत तिचा मामा हेमराज मांडी घालून बसला होता. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून गाडी उभी केली होती. चाकांना रिकाम्या रिळांच्या चकत्या, मागे बॉबिनवर गुंडाळलेली वायरची लाल नळी. आता टपावर आगकाड्यांची शिडी बसवायची होती.

“मामा, शिडी वांकी छे,” चंचल गुजरातीत म्हणाली.

“तुझी मान वाकडी छे. मराठी शाळेत जाते ना?”

चंचल खिदळली आणि पुठ्ठ्याच्या तुकड्यावर ‘आगीचा बंब’ लिहू लागली. स्टोव्हजवळ बसलेली तिची आई उज्ज्वला ते वाचून हसली. तिचा नवरा निंबा मिलच्या आगीत गेला, त्याला दोन वर्षं झाली होती. त्यानंतर ती क्वचितच हसायची.

“बंब तर आंघोळीच्या पाण्याचा. यात पाणी तापवशील का गं?”

हेमराजचा हात थांबला. “ताई, मीही तेच समजलो होतो.”

उज्ज्वलानं त्याच्याकडे पाहिलं. मग चंचलला म्हणाली, “जा, शेजारच्या कुसुममावशीकडून कातर आण.”

चंचल गेली.

“पलसाण्याच्या मिलला आग लागली तेव्हा सुपरवायझर मला ओरडला, ‘बंबो बोलाव!’ गावाहून येऊन तीनच आठवडे झालेले. मला वाटलं, ज्यात पाणी तापतं तो. इथं आगीच्या गाडीला बंबो म्हणतात, हे ठाऊक नव्हतं. मी बॉयलरवाल्या भिकनला धरून आणलं. सगळे समजत होते, हेमराजनं फोन केला.”

“कितला येळ गया?” उज्ज्वलानं गावच्या बोलीत विचारलं.

“दहा मिनिटं. जास्तही असतील.”

निंबा रंगखात्यात अडकला होता. धुरानं गेला, असं डॉक्टर म्हणाले होते. धुराला माणूस मारायला किती वेळ लागतो, हे उज्ज्वलानं तेव्हा विचारलं नव्हतं. आताही तिनं विचारलं नाही. स्टोव्ह बंद केला. भाजी अर्धी कच्ची होती.

“दोन वरीस मना हातनं जेवना तू.”

हेमराजनं शिडी खाली ठेवली.

“पोरीले उद्या न्यायचं शे. पुरा कर,” ती म्हणाली. “मंग दुसरी खोली देख.”

त्यानं शिडीच्या टोकांना डिंक लावला, ती टपावर ठेवली आणि दोन बोटांनी दाबून धरली. बोटं लवकर काढली असती तर ती सरकली असती. जिन्यात चंचलच्या चपला वाजल्या. डिंक अजून ओलाच होता.