टाचेला डोळा का फुटत नाही

"सर, सगळं अंग जर एकाच पेशीपासून झालं, तर टाचेला डोळा का फुटत नाही?"

प्रश्न माझा, पण तो विचारायची पैज माझ्या मैत्रिणींची, ईरम्मा आणि अजीजाची. हत्तुरे सरांना मुली सहसा काही विचारत नसत. सर खडू थांबवून नुसते बघायचे, तेवढ्यानंच घाम फुटायचा. या दोघी म्हणाल्या, सोजर, विचारलंस तर आठवडाभर आमच्या डब्यातली शेंगाचटणी तुझी. शेंगाचटणीसाठी मी काहीही विचारलं असतं.

सरांनी खडू थांबवला. बघितलं. मागचे बाक खिदळायच्या तयारीत. आणि सर म्हणाले काय, तर प्रश्न चांगला आहे, पुरतं उत्तर मलाही ठाऊक नाही. पण एकेका पेशीनं कामासाठी रूप कसं घेतलंय ते बघ. रक्तातल्या तांबड्या पेशीनं प्राणवायूला जागा व्हावी म्हणून आपलं केंद्रकच टाकून दिलंय. मज्जापेशी तारेसारखी लांब झालीय, कारण तिला कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत निरोप पोचवायचाय. आणि झाडाच्या मुळावरच्या पेशीला केस फुटतो, मातीतलं पाणी ओढायला.

"ओल्या सुतावर ज्वारी रुजव," सर म्हणाले. "केस आले की आण. सूक्ष्मदर्शकाखाली दाखवतो."

सूक्ष्मदर्शक! शाळेत एकच, तोही कपाटात, कुलपात. नववीला शास्त्र घेणाऱ्यांनाच तो हाताळायला मिळायचा. आणि माझ्या नववीच्या फॉर्मवर गृहशास्त्र लिहायचं, असं आईनं आधीच सांगून ठेवलेलं. फॉर्म द्यायला पंधरा दिवस उरले होते. आईचं म्हणणं साधं होतं. आमची शाळा सकाळची, शास्त्राची प्रॅक्टिकलं दुपारी. दुपारी मी तिच्याबरोबर कांड्या भरते, म्हणजे आडव्या धाग्याचं सूत छोट्या नळ्यांवर गुंडाळते. वडील, आमचे दादा, मागावर चादरी विणतात. कांडी वेळेत पोचली नाही की माग उभा राहतो.

सुताला आमच्या घरी काय तोटा? कोपऱ्यात ताण्याचं, म्हणजे उभ्या धाग्याचं, उरलेलं सूत पडलं होतं. ते थाळीत भिजवलं आणि वर ज्वारी पसरली. चौथ्या दिवशी मुळांवर पांढरी लव, अशी दाट की बघत राहावं! थाळी शाळेत नेताना अजीजा पुढं चालून गर्दी हटवत होती, जणू नवरीची पालखी.

सरांनी काचेला डोळा लावला आणि मला बोलावलं. आत नुसतं कोळ्याचं जाळं दिसत होतं.

"हे केस नाहीत," सर म्हणाले. "बुरशी आहे."

सोजरनं ज्वारीला दाढी आणली, हे मधल्या सुट्टीपर्यंत अख्ख्या शाळेला कळलं. ईरम्मानं न मागता चटणी पुढं केली, पण मी थाळी दप्तरात दडवत होते.

घरी आईनं कांड्या भरायचा रहाट न थांबवता सगळं ऐकलं. मग थाळीतला एक धागा दोन बोटांत चोळून बघितला.

"ह्ये ताण्याचं सूत हाय."

"मग?"

"मग बुरशी येईल न्हाय तर काय? त्याला पिठाची खळ पाजल्याली असती. मागाच्या फणीत घासून तुटू नये म्हणून. बाण्याच्या सुताला खळ न्हाय, त्ये आडवं जातंय, त्ये मऊच पायजे. सूत एकाच गठ्ठ्यातलं, पर ज्याचं काम येगळं त्याची तयारी येगळी की."

टाच आणि डोळा! सूत एकच, तयारी वेगळी. हे तिला कधीपासून माहीत होतं आणि मी शाळेत पैजा लावत होते.

त्याच संध्याकाळी बाण्याचं सूत ओलं करून त्यावर ज्वारी पसरली. चार दिवसांनी लव आली, अगदी विरळ, आणि मी थाळी कुणाला न दाखवता नेली. यावेळी काचेखाली जाळं नव्हतं. एकेक पेशी बाहेर लांब ओढलेली, काचेसारखी नितळ, भिंत इतकी पातळ की पाणी सहज आत शिरावं. मी सरांना आईचं ताण्याबाण्याचं बोलणं सांगितलं. मग त्यांनी आईचं नाव विचारलं.

"बजाबाई."

"पुढच्या वर्षीच्या वर्गाला हे सांगणार मी," सर म्हणाले. "बजाबाईंनी शिकवलं असं सांगेन."

संध्याकाळी हे घरी सांगितलं, तेव्हा रहाट थांबला. दादा आईकडं बघून म्हणाले, म्हंजी तू मास्तरीण झालीस की. आईनं पदर तोंडाला लावला, पण डोळे हसत होते. मी फॉर्म तिच्या मांडीवर ठेवला.

"आई, दादा, मी शास्त्र घेणार. मंगळवारी आणि शुक्रवारी प्रॅक्टिकलं असतात, तेव्हा मला यायला उशीर होईल. त्या दोन दिवसांच्या कांड्या मी आदल्या संध्याकाळीच भरून ठेवीन, माग उभा राहणार नाही. पण मी शास्त्रच घेणार, आणि फॉर्मवर पालकाची सही आईची घेणार."