टाकीतला अतृप्त आत्मा

अरे, तू मध्ये बोलू नकोस, आधी नुसतं ऐक!

दवाखान्यामागच्या हिरवळीवर ही गर्दी! पेशंट खिडक्यांना लटकलेले, एक तर सलाईनचा स्टँड ढकलत खाली आलेला. आणि मधोमध कोण? गवत कापायच्या मशीनसमोर मांडी ठोकून बसलेला इंजिनबाबा! मंत्राने मशीन बरं करणारा, मॅनेजरसाहेबांनी मुद्दाम बोलावलेला.

भानगड अशी, की माळीणमावशींनी निम्मी हिरवळ कापली की मशीन आचके देऊन बंद पडायचं. मग साहेब सावकाश चहा संपवून यायचे, दोरी ओढायचे, की सुरू! जरासं चालवून म्हणायचे, "माझ्या हातात बरं चालतं हे?" झालं! मावशींचा हातच वाईट ठरला. आज बाबानेही तेच सांगितलं, की मावशींची नोकरी गेली.

मावशींचे डोळे डबडबलेले. शेजारी वॉर्डातल्या सिस्टर उभ्या. डोक्यात तिडीक गेलेली. नजर मात्र बाबाच्या हातांवर.

मावशींनी कापायला घेतलं. निम्म्यावर मशीन गप्प.

"बघा!" बाबा गरजला. "टाकीत अतृप्त आत्मा बसलाय! या बाईच्या हाताने चाळवतो! ओम् कार्बुरेटराय फट् फट् स्वाहा!"

झाकण फिरवलं. फुस्स!

"ऐकलंत? गेला!"

टाकीत फुंकर, झाकण बंद, दोरीला हिसका. फटफटफट! लोकांनी हात जोडले. सलाईनवाल्याने एकाच हाताने भागवलं.

पण त्या 'फुस्स'ने सिस्टरची ट्यूब पेटली. काचेच्या बाटलीतून सलाईन द्यायचं, तर हवेसाठी वेगळी सुई खुपसावी लागते, नाहीतर थेंब अडतो. रोजचंच काम त्यांचं!

"बाबा, आता मशीन साहेब चालवतील," सिस्टर म्हणाल्या.

"मी कशाला?" साहेब म्हणाले.

"अहो, तुमचा हात शुभ ना!"

साहेब ऐटीत निघाले. उरलेली हिरवळ संपत आली, तोच... घर्र, घुर्र, बंद! मागून कुणीतरी कुजबुजलं, "अगंबाई, यांचाही हात?"

बाबा झाकणाकडे झेपावला. सिस्टर आडव्या.

"झाकण न उघडता मंत्र म्हणा. का प्लॅस्टिकच्या झाकणाला घाबरतो तुमचा मंत्र?"

बाबाने घसा ताणून मंत्र म्हटला. साहेबांनी दोरी ओढली. मशीन ढिम्म!

मग सिस्टरनी बँडेजचा एक बारीक धागा झाकणापाशी धरला, झाकण सैल केलं आणि गंभीरपणे म्हणाल्या, "बे एके बे, बे दुणे चार!"

फुस्स! धागा आत ओढला गेला. झाकण लावलं, दोरी ओढली, मशीन सुरू!

"आत्मा बाहेर गेला म्हणता, मग धागा आत कसा गेला हो? अहो, झाकणाला हवेचं बारीक भोक असतं. ते कचऱ्याने बुजलंय. पेट्रोल खाली उतरलं, तर त्याच्या जागी हवा नको यायला? ती आली नाही, की पेट्रोल अडतं, इंजिन उपाशी! चहा होईपर्यंत थोडी हवा झिरपते, म्हणून साहेबांच्या हातात क्षणभर चालतं. आणि बाबा, नेमकं झाकणच उघडायचं, हे कुठे शिकलात?"

"गॅरेजात..." बाबा बोलून गेला आणि जीभ चावली! पण आता काय, हशा असा उसळला, की तो कधी सटकला ते कळलंही नाही.

मेकॅनिकने नवं झाकण बसवलं, सोबत तडे गेलेली पेट्रोलची नळी आणि गाळणीही बदलली. पुढच्या खेपेला मावशींनी अख्खी हिरवळ एका दमात कापली.

साहेब ओशाळून म्हणाले, "वा मावशी, हाताला गुण आला तुमच्या!"

"हात तोच आहे साहेब," मावशी म्हणाल्या, "झाकण बदललं."

म्हणून म्हणतो, हात जोडायच्या आधी एकदा उघडून बघावं, आणि मंत्राऐवजी पाढा म्हणून बघावा. माणसाच्या पोटावर पाय येण्याआधी तरी!

पण खरं सांग, तू त्या गर्दीत असतास, तर कुणाकडे बोट दाखवलं असतंस? झाकणाकडे, का मावशींकडे?