नवख्याची ढाल

लोर्नाने आठवी चिठ्ठी उलगडली आणि ॲपल-पायच्या रिकाम्या थाळीत टाकली.

“चार आर्डिसच्या विल्किनला, चार माझ्या ट्रेन्टला. उरलो आम्ही दोघी म्हाताऱ्या.”

गावाच्या बेसबॉल संघातली पोरं हंगामभर दहा घरांत वाटून राहत. ऑगस्ट सरला, की त्या दहा घरच्या बायका लोर्नाच्या स्वयंपाकघरात जमून वर्षाचा उत्तम नवखा खेळाडू निवडत आणि त्याला ढाल देत. नियम एकच. आपल्या घरी जेवलेल्या पोराला मत द्यायचं नाही.

“म्हणजे पाच-पाचच होणार,” खिडकीपाशी बसलेली जून म्हणाली. “ढाल करवतीने कापा आता.”

“माझ्या ट्रेन्टने चेंडू टाकून एकशेबारा जण बाद केलेत, बाई,” लोर्ना म्हणाली. “आर्डिसचा नुसता पळत जाऊन पुढचा बेस चोरतो. एकतीस चोऱ्या!”

“चोरतो, पण घरी येऊन भांडी घासतो,” आर्डिस म्हणाली. “ तुझा दारात बूट तरी काढतो का?”

सगळ्या हसल्या. आर्डिसही हसली, पण तिची पेन्सिल कागदावर टेकली ती टेकलीच. सकाळी विल्किन ओट्यापाशी उभा राहून म्हणाला होता, क्लबाने मला संघातून काढलं, गुरुवारचं विमान आहे. “घरी आईला काय दाखवू?” एवढंच त्याने विचारलं आणि रोजच्यासारखी आर्डिसची बशी विसळली. मे महिन्यात मक्याच्या कोंभाबरोबर आलेलं पोर, कणसं काढायच्या आत निघालं होतं.

ट्रेन्टला मत द्यायला हरकत कसली? जून महिन्यातल्या वादळात आर्डिसच्या तळघरातलं पाणी त्यानेच उपसलं होतं, गुडघाभर चिखलात, गाणी म्हणत. आर्डिसने खिडकीबाहेर पाहिलं. मग चिठ्ठी कोरीच दुमडली.

लोर्नाने आधी आपली वाचली. “विल्किन.” मग आर्डिसची उघडली. उलटून मागची बाजूही पाहिली. तिचं कोपर हललं आणि कॉफीचा अख्खा मग चिठ्ठीवर आडवा झाला.

“अगं बाई! गेलं. मत बाद.”

“पुन्हा लिहू दे की तिला!” जून ओरडली. “स्वतःच्या पोराचं मत बुडवलंस, लोर्ना!”

“सांडलं ते सांडलं. पाच-चार. विल्किन जिंकला. दुसरा ॲपल-पाय काप गं कुणीतरी.”

सगळ्या गेल्यावर आर्डिस बराच वेळ एकच ताटली पुसत राहिली.

“विल्किन चाललाय हे तुला ठाऊक होतं.”

“ट्रेन्ट सकाळपासून जेवला नाही. जोडीदार चालला म्हणून तोंड फिरवून बसलाय.” लोर्नाने नळ बंद केला. “माझा पुढच्या वर्षीही इथेच आहे.”

आर्डिसने थाळीतली ओली चिठ्ठी उचलली, गरम ओव्हनच्या दाराशी धरून सुकवली, आणि तपकिरी डागावर ठळक अक्षरांत लिहिलं, ट्रेन्ट मेब्री. फ्रिजवरच्या चुंबकाखाली ती अडकवली.

“उशीर केलास,” लोर्ना म्हणाली, आणि वाकडी लागलेली चिठ्ठी सरळ केली.