आवाजांना कुलूप

ताईने क्लासच्या इलेक्ट्रॉनिक पियानोवर साठवलेले आवाज सोळा होते आणि सोळाही जागेवर होते. धाकटी एकेक बटण दाबून पडद्यावरचा ब्राइटनेसचा, म्हणजे सूर किती धारदार वाजेल त्याचा, आकडा वहीत उतरवत होती. अकरा आवाजांचा आकडा महिन्यापूर्वीच्या नोंदीशी जुळत नव्हता.

"बघ, म्हटलं नव्हतं?" ताई तिच्या खांद्यावरून वाकली. "मास्तर माझ्या आवाजांना हात लावतात."

"पण आकडे वाढलेत, ताई."

"वाढणारच! ते मंद करून ठेवतात, मी क्लासआधी नीट करून पुन्हा साठवते. परवा 'मखमल' लावला, तर गोधडीतून कोणी खोकावं तसा वाजला."

बावीस वर्षं ताई हा क्लास चालवत होती. मास्तर तीन महिन्यांपूर्वी आले होते. सकाळची तुकडी त्यांची, संध्याकाळची ताईची, पियानो एकच. महिनाअखेरीस त्यांना निरोप द्यायचा, हे तिने ठरवूनच टाकलं होतं. फक्त पुरावा हवा होता, आणि विज्ञान शिकलेली बहीण घरात असताना तो बाहेरून कशाला आणायचा?

धाकटीला हे पटत नव्हतं आणि खोडूनही काढता येत नव्हतं. नवा आकडा साठवला की जुना पुसला जातो. मध्ये तो कोणी खाली आणला होता का, हे पियानो सांगत नाही. मात्र साठवणीला कुलूप लावायची सोय होती. रविवारी ताईने सोळाही आवाज मनासारखे करून दिले. ती उठून गेल्यावर धाकटीने चार आकडी संकेत घालून कुलूप लावलं आणि कोणालाच सांगितलं नाही. "आठवडाभर काही साठवू नकोस, मला मोजायचंय," एवढंच ताईला म्हणाली.

शुक्रवारी ताईने मास्तरांना दारातच गाठलं.

"पुन्हा मंद केलंत ना सगळं?"

"ताई, मी आपला पहिल्या बटणाचा, कंपनीनं दिलेला पियानो वाजवतो. तुमच्या आवाजांच्या वाटेलाच जात नाही. खरं सांगू? फार टोचतात हो ते कानाला."

"ऐकलंस? टोचतात म्हणे! यांचेच कान तपासायला हवेत."

धाकटीने पियानो लावून वही उघडली. सोळाही आकडे रविवारचेच होते. तिने वही मिटली, पेन्सिल आतच राहिली म्हणून पुन्हा उघडली, पुन्हा मिटली.

"तपासूया," ती म्हणाली. "तुम्हा दोघांचेही."

"माझे कशाला?"

"तुलनेला कोणीतरी लागतं, ताई."

"कर बाई तुझा प्रयोग." ताई हसली. "आज पडतात बघ तोंडघशी."

पंखा बंद झाला, खिडकी लागली. दोघं भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून बसले. ऐकू आलं की हात वर करायचा, बोलायचं नाही. धाकटी अगदी उजवीकडची, सगळ्यात बारीक सुराची एकच पट्टी दर तीन सेकंदांनी दाबत होती आणि आवाज किती मोठा, तो आकडा शून्यापासून एकेकाने वाढवत होती. तिला स्वतःला तो सूर सहाला ऐकू आला.

मास्तरांचा हात नवाला वर गेला.

ताई मान किंचित पुढे काढून बसली होती, ओठांवर अजून हसू होतं. विसाच्या पुढे गेल्यावर मास्तरांनी डोळे उघडले आणि वळून पाहिलं. धाकटीने मान हलवून त्यांना गप्प राहायला सांगितलं आणि पट्टी दाबत राहिली.

ताईचा हात एक्केचाळीसला वर गेला.