चुलीजवळची गादी

माझा मुलगा निकेश मला हिमालयात नेतोय ते हवापालटासाठी, असं मी सिंदेवाहीत सगळ्यांना सांगितलं होतं. होमस्टेत आमच्या खाटेखाली राजम्याच्या बियाण्याचं मडकं दिसलं, तेव्हा कळलं की ही त्या घरच्या म्हातारीची खोली. पाहुण्यांना खोली देऊन ती बिचारी आता चुलीजवळ झोपत होती.

निकेश बूट घालूनच खोलीचे फोटो काढत होता.

"आई, आपण बी असंच करू. जंगल पाहाले लोक येतेच. तुई खोली मोठी हाय."

"अन् बियाण्याच्या धानाची ढोली?"

"बाहेर छपरीत ठेवू. तू बी तिथीच झोप, हवा लागते."

लग्न होऊन आले तेव्हापासून घरच्या त्या खोलीत, बांबूच्या ढोलीत मी बियाणं राखते. सासऱ्यांनीही तिथे कधी चप्पल घालून पाय ठेवला नाही. माझ्या अंगाची लाही लाही झाली. गादी उचलली आणि म्हातारीशेजारी नेऊन टाकली. काही न विचारता ती सरकली.

निकेश मागे आला. "लोक काय म्हणतीन, आई?"

"आंधी बूट काढ. अन् माया खोलीचं नाव पुन्हा काढशील, तं तुलेच छपरीत झोपवीन!"