एका वेळी एकच बाटली

आमच्या गॅरेजात भिंतीवर एक तक्ता टांगलेला आहे. बंदुकीच्या दारूचे सगळे प्रकार त्यात जळण्याच्या वेगाप्रमाणे लावलेत. भसकन पेटणारी वर, दमादमाने जळणारी खाली. माझे सासरे एनार कित्येक वर्षं घरच्या घरी काडतुसं भरतात. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा त्यांनी तक्त्याच्या अगदी वरच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "मार्लिस, ही तू." मग सगळ्यात खाली बोट नेऊन, "आणि हा आमचा ड्वेन." मी तिथल्या तिथे भडकले, त्यामुळे त्यांचं म्हणणं खरंच ठरलं.

त्याच दिवशी त्यांनी मला एक नियम सांगितला. टेबलावर एका वेळी एकच बाटली ठेवायची. तक्त्यातली वरची दारू पिस्तुलाची, खालची रायफलची. वरची जर रायफलच्या काडतुसात गेली, तर गोळी नळीतून बाहेर पडायच्या आतच सगळा दाब मागे उसळतो, आणि रायफलच्या मागे माणसाचा गाल टेकलेला असतो.

नोव्हेंबरातल्या त्या सकाळी मी बटाटे आणायला गॅरेजात गेले, तर टेबलावर दोन बाटल्या. दोन्ही काळ्या, दोन्ही सारख्या उंचीच्या, फक्त चिठ्ठीवरच्या पट्ट्याचा रंग वेगळा. पिस्तुलाची बाटली उघडी आणि जवळजवळ रिकामी होती. रायफलची मात्र काठोकाठ भरलेली होती, आणि कालच तर एनारनी तिच्यातून ड्वेनसाठी काडतुसं भरली होती. वापरलेली बाटली भरते कशी? ती काडतुसं खिशात टाकून माझा नवरा उजाडायच्या आत एल्कच्या, म्हणजे इथल्या सांबरासारख्या थोरल्या हरणाच्या, शिकारीला डोंगरात गेला होता.

एनार स्वयंपाकघरात पॅनकेक खात बसले होते.

"काल आधी पिस्तुलाची काडतुसं भरलीत का?"

"भरली. मग?"

"काडतुसं भरायच्या यंत्रात उरलेली दारू परत कुठल्या बाटलीत ओतलीत?"

"जिच्यातली होती तिच्यात! आता तू मला शिकवणार?"

गेली दोन वर्षं डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव काढलं की हा माणूस अस्साच फिस्कारायचा. पेपर समोर धरून बसायचा आणि पान उलटायचाच नाही. मी सगळं बघत होते, आणि ड्वेनला सांगितलं की तो हसायचा.

टेबलावर कालचं एक काडतूस उरलं होतं. ते मी आणलं, काडतूस उघडायच्या पोकळ हातोडीत घालून ठोकून ठोकून त्यातली गोळी बाहेर काढली आणि आतली दारू पांढऱ्या बशीत ओतली. रायफलची दारू म्हणजे नुसत्या बारीक काड्या, पेन्सिलीचं शिसं मोडावं तशा. या काड्यांमध्ये चपट्या टिकल्या मिसळलेल्या होत्या. टिकल्या म्हणजे पिस्तुलाची.

"बघा!"

एनार बशीवर वाकले. "एकच तर आहे सगळी. काळी."

मी त्यांचा हात धरला आणि बोटं बशीत दाबली. त्यांनी चिमूट घेतली, चोळली. पुन्हा घेतली, पुन्हा चोळली. मग बोटं थांबली.

"गाडी काढ," ते म्हणाले.

आमच्या डोंगरात फोन लागत नाही. बर्फातून पिकअप दामटत मी वाटभर त्यांना बोलत होते. काय काय बोलले ते आता आठवलं तरी लाज वाटते. पुलाशी बंदुकीचा एक बार ऐकू आला आणि माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

एनारनी काच खाली केली. "ड्वेनचा नाही. पलीकडच्या खोऱ्यातला आहे."

"कशावरून?"

"त्याची रायफल आधी माझी होती. कान आहेत अजून मला."

रस्ता संपतो तिथे ड्वेनचा ट्रक उभा होता. तो नेहमी वरच्या खिंडीत दबा धरून बसतो. बर्फातून तिथवर चढायला मला तासभर लागला असता, आणि एल्क काही माझ्यासाठी थांबणार नव्हते. मी पिकअपच्या मागच्या खिडकीला अडकवलेली आमची जुनी रायफल ओढली. लागोपाठ तीन बार म्हणजे मदतीची हाक, इथलं शेंबडं पोरही ते जाणतं. ड्वेन धावत आला असता.

एनारनी नळीच धरली. "नको!"

"सोडा! तीन बार ऐकले की तो येईल."

"आधी उत्तर देईल."

मी रायफल खाली घेतली. तीन बार ऐकणारा हवेत एक बार काढतो, ऐकलं म्हणून. माझ्याच हाकेला ओ देताना त्याने तो चाप ओढला असता.

एनारनी माझ्यापुढून हात घातला आणि हॉर्न दाबून धरला. शिकारीच्या दिवसांत कुणी ट्रकचं दार जोरात आपटलं तरी वर्षभर त्याच्याशी न बोलणारा हा माणूस! सगळी दरी दणाणली. वरच्या झाडीतून कुणीतरी आमच्या आईबापांचा उद्धार केला. एनारनी हात उचलला नाही.

समोरच्या उतारावरची झाडी हलली आणि एल्कचा कळप उधळत बाहेर पडला.

"काय आहे?" एनारनी विचारलं.

"एल्क. पुढे मोठा नर आहे."

"कुठे चाललेत?"

"खिंडीकडे."

त्यांनी डोळे मिटले. "पळत्या जनावरावर तो गोळी घालत नाही. मीच शिकवलंय त्याला." हात हॉर्नवर तसाच होता. कळप खिंडीत शिरला. मी कान झाकून घेतले, मग तेही सहन होईना म्हणून काढले. बार झाला नाही. बऱ्याच वेळाने उतारावर नारिंगी जाकीट दिसलं, आणि मी ढसाढसा रडले.

ड्वेन धापा टाकत आला. "कोण गेलं?"

"कुणी नाही."

"मग? अगं, एवढा थोरला नर माझ्या नाकासमोरून गेला! डोकं फिरलंय का तुमचं?"

मी सगळं सांगितलं. बाटल्या, बशी, टिकल्या. तो ऐकत गेला आणि शेवटी हसला.

"डॅडच्या हातून? काहीतरीच. मार्लिस, तुझं ना, आग आधी आणि धूर मागून." त्याने खांद्यावरची रायफल काढली. "थांब, त्या खोडावर एक मारूनच दाखवतो, म्हणजे तुझ्या जिवाला स्वस्थता."

"ड्वेन, नको! पाया पडते तुझ्या!"

पण आयुष्यभर त्याने एकाच माणसाच्या हातांवर डोळे झाकून विश्वास ठेवला होता, आणि तो माणूस ट्रकला टेकून गप्प उभा होता. ड्वेनने बोल्ट सरकवून काडतूस नळीत घेतलं. गाल दस्त्याला टेकवला.

"ड्वेन," एनार म्हणाले. आवाज इतका हळू होता की आम्ही दोघंही थबकलो. "इथून मला तुझा चेहरा दिसत नाही रे."

"काय?"

"नारिंगी जाकीट दिसतं. त्याच्यावर काही नाही. वर्ष होऊन गेलं. काल बाटल्याही दिसल्या नाहीत."

ड्वेनने सावकाश रायफल खाली घेतली. बोल्ट ओढून ओढून एकेक काडतूस बर्फात पाडलं. रायफल माझ्या हातात दिली आणि बापाकडे चालत गेला, दोघांच्या टोप्या एकमेकींना लागेपर्यंत.

"आता?"

एनारनी हातमोजा काढला. ज्या गालाला दस्ता टेकला होता त्या गालावर अंगठा फिरवला, एकदा, मग पुन्हा.

"आता दिसतोस," ते म्हणाले. "दाढी कर जरा."